'चेक' : एका शब्दाच्या अर्थविस्ताराचा इतिहास

पदवीच्या वर्गात अनेकार्थी इंग्रजी शब्द बहुधा यादीच्या स्वरूपात शिकवले जातात. शब्द, त्याचे चार-पाच अर्थ आणि प्रत्येकाचे एक वाक्य पाठ झाले की विषय संपतो. 'चेक' या शब्दाला शह, अटकाव, तपासणी, चौकटीचे कापड आणि बँकेचा धनादेश इतके अर्थ का असावेत, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारल्यास 'इंग्रजी भाषाच तशी आहे' हे उत्तर मिळते. प्रस्तुत लेखकानेही ते कधीकाळी दिले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हे उत्तर परवडणारे नाही. कारण या अर्थांमागे राज्यकारभार, हिशेब आणि कर्जव्यवहार यांचा दीर्घ इतिहास उभा आहे.

मूळ शब्द फारसी 'शाह', म्हणजे राजा. भारतातील चतुरंग इराणात 'चतरंग' आणि अरबांकडे 'शतरंज' झाला व तेथून युरोपात पोहोचला. राजावर हल्ला होताच उच्चारला जाणारा 'शाह' हा शब्द मध्ययुगीन लॅटिन व जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत 'चेक' झाला आणि त्याच्या अनेकवचनी रूपातून खेळाचे नाव 'चेस' आले. मराठीतील 'शह' हाही त्याच 'शाह'चा वंशज होय. शह बसला की खेळाडूची मोकळी चाल थांबते. यावरून अटकाव, अटकावावरून नियंत्रण आणि नियंत्रणावरून पडताळणी, असा अर्थाचा प्रवास झाला.

'एक्सचेकर' या शब्दाची कथा अधिक उद्बोधक आहे. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला जो शब्द होता, तोच इंग्लंडच्या राजाच्या हिशेबखात्याचे नाव बनला. पहिल्या हेन्रीच्या (इ.स. ११०० ते ११३५) कारकिर्दीत हे खाते आकारास आले. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकात त्याच्या कामकाजावर संवादरूप ग्रंथ लिहिला. त्यानुसार सुमारे दहा फूट लांब व पाच फूट रुंद मेजावर रेघा आखलेले काळे कापड अंथरले जाई. पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर, हजार असे रकाने असत व त्यांत सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी केली जाई. रोमन अंकांत मोठे हिशेब करणे जिकिरीचे होते आणि उपस्थितांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नसावे; पटावरची सोंगटी मात्र सर्वांना दिसे. वर्षातून दोनदा, ईस्टर व मायकेलमस या सणांच्या सुमारास, काउंटीचा शेरीफ या मेजापुढे हजर होई. हा सामना खजिनदार आणि शेरीफ यांच्यातील बुद्धिबळासारखा आहे, असे साम्य ग्रंथकाराने स्वतःच दाखविले आहे. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याचे 'चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर' हे पदनाम आजही या मेजाची आठवण जपून आहे. याच पटाच्या नावावरून चौकटीच्या नक्षीला 'चेकर' व पुढे 'चेक' म्हणू लागले.

भरणा झाल्याची पावती म्हणजे खाचा पाडलेली काठी, 'टॅली'. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीएवढी, शंभराची अंगठ्याएवढी, एका पौंडाची पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी असे. नंतर काठी उभी चिरली जाई. 'स्टॉक' हा मोठा भाग पैसे भरणाऱ्याकडे आणि 'फॉइल' हा लहान भाग खजिन्याकडे राही. दोन्ही जुळले तरच हिशेब खरा! ही पद्धत रद्द करणारा कायदा १७८२ मध्ये झाला, पण काठ्या प्रत्यक्षात १८२६ मध्ये थांबल्या. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी पार्लमेंटच्या भट्ट्यांत जाळताना ती इमारतच पेटली आणि तिचा बहुतांश भाग भस्मसात झाला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शेअर बाजारातील 'स्टॉक' या काठीवरूनच आला असे सर्रास सांगितले जाते. ते घाईचे वाटते. त्या शब्दाचा मूळ अर्थ झाडाचे खोड असून साठा व भांडवल हे अर्थ खोडावरूनही सरळ निघू शकतात. 'फॉइल'चे नाते मात्र 'काउंटरफॉइल'मध्ये स्पष्ट आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी 'चेक' म्हणजे प्रत्यक्ष धनादेश नव्हे, तर त्याचे मागे राहणारे अर्धुक होते. लबाडी पकडण्यासाठी मूळ कागद त्याच्याशी ताडून पाहिला जाई. पडताळणीचा अर्थ येथे कागदाला चिकटला. पुढे अर्धुकाचे नाव मूळ कागदाला मिळाले.

'एक्सचेकर'च्या प्रभावाने इंग्लंडात या शब्दाचे लेखन वेगळे झाले, अमेरिकेत मात्र जुनेच राहिले. भारताच्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने इंग्लंडचे लेखन स्वीकारले. मराठीने या कागदासाठी 'धनादेश' हा शब्द घडविला, तेव्हा त्याचे राजाशी असलेले नाते तुटले. बुद्धिबळाच्या पटावर आणि राजकारणाच्या बातम्यांत मात्र मराठी माणूस आजही 'शह'च देतो.