कुकी: एका बिल्ल्याची कुळकथा

देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात पत्र्याचा बिल्ला मिळतो. त्यावर फक्त आकडा. तुमचं नाव-गाव नाही, चपलेची किंमत नाही. कोणता खण, ते स्टँडवाल्याला कळलं की झालं. इंटरनेटवरची ‘कुकी’ जन्मली ती असाच बिल्ला म्हणून. नाव तेवढं खाऊचं. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे द्यायची आणि त्याने न उघडता जशीच्या तशी परत करायची अशी माहितीची पुडी, तिला युनिक्स या संगणकप्रणालीवर काम करणारे ‘मॅजिक कुकी’ म्हणत. पुढे जादू गळाली, कुकी उरली.

साल 1994. कॅलिफोर्नियात नेटस्केप ही ब्राउझर बनवणारी नवी कोरी कंपनी. तिथे लू माँटुली नावाचा विशीतला प्रोग्रॅमर होता. कॅन्सस विद्यापीठात असताना त्याने सहकाऱ्यांसह ‘लिंक्स’ हा केवळ अक्षरं दाखवणारा ब्राउझर लिहिला होता. (ऑफिसातल्या माशांच्या टाकीवर कॅमेरा लावून ते मासे साऱ्या जगाला दाखवणारा तो हाच.) एमसीआय या टेलिफोन कंपनीला वेबवर दुकान मांडायचं होतं आणि अडचण वेबच्या स्वभावातच होती. वेब पराकोटीचं विसरभोळं. एका पानावर सदरा टोपलीत टाकून दुसऱ्या पानावर जावं, तर दुकान विचारणार, आपण कोण? आणि गिऱ्हाइकांच्या अर्धवट खरेद्यांची नोंद आपल्या संगणकावर सांभाळायची एमसीआयची तयारी नव्हती.

सोपा उपाय समोरच होता: प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकायचा. माँटुलीने तो नाकारला, आणि माझ्या मते या कथेतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. एकच क्रमांक सगळ्यांना दिसला, की दहा दुकानदार वह्या जुळवून तुमचा दिनक्रम मांडणार. म्हणून प्रत्येक दुकानाने आपापला बिल्ला द्यायचा, ब्राउझरने तो तुमच्याच संगणकावर जपायचा आणि ज्याचा त्यालाच दाखवायचा, अशी त्याची योजना. एका कुकीला जागा चार किलोबाइट. ऑक्टोबर 1994 मध्ये नेटस्केपच्या चाचणी आवृत्तीत ती बाहेर पडली. पहिलं काम अगदी साधं होतं: आपल्या साइटवर आलेला माणूस आधी येऊन गेलाय का, एवढंच ती सांगे.

या योजनेला भोक पडलं ते चित्रांमुळे. पान एकाचं असलं तरी त्यातली जाहिरात दुसऱ्याच्या संगणकावरून येऊ शकते, आणि येताना स्वतःचा बिल्ला देऊ शकते. समजा, गावातल्या सगळ्या देवळांच्या चप्पल स्टँडचा ठेका एकाच माणसाने घेतला. बिल्ला त्याचा, तो त्यालाच दाखवायचा, नियम कुठेच मोडत नाही; पण सकाळी तुम्ही गणपतीला होता आणि संध्याकाळी दत्ताला, हे त्याला कळतं. 1996 मध्ये सुरू झालेली डबलक्लिक ही जाहिरात कंपनी असाच ठेकेदार झाली.

फेब्रुवारी 1997 मध्ये इंटरनेटच्या मानकांत लिहिलं गेलं की असे परक्याचे बिल्ले मुळातच बंद असावेत. लिहिणाऱ्या दोघांपैकी एक खुद्द माँटुली. तरी नेटस्केपने ते चालू ठेवले, मायक्रोसॉफ्टनेही. नेटस्केपचा तो निर्णयही माँटुलीचाच. त्याचं म्हणणं, कुकी बंद केली तर जाहिरातवाले दुसरी वाट शोधतील, डोळ्यांना न दिसणारी. कुकी निदान पुसता येते. युक्तिवाद खोटा नाही. सोयीचा मात्र भलताच, कारण फुकट वाचायला मिळणारं वेब जाहिरातींवरच पोसलं जात होतं.

1999 मध्ये डबलक्लिकने अबॅकस डायरेक्ट विकत घेतली. टपालाने माल मागवणाऱ्या घरांची नावं-पत्ते तिच्याकडे होते. बिल्ल्याला नाव चिकटवायचा तो बेत. ओरड झाली, अमेरिकी सरकारने चौकशी लावली आणि 2000 च्या मार्चमध्ये कंपनी मागे हटली. 2008 मध्ये ती 310 कोटी डॉलरना गूगलच्या घरात गेली.

अॅपलच्या सफारीने परक्या कुकींना सुरुवातीपासूनच अडवलं होतं. गूगलने जानेवारी 2020 मध्ये जाहीर केलं की क्रोममधून त्या दोन वर्षांत जातील. मुदत वाढत गेली, जुलै 2024 मध्ये बेतच गुंडाळला गेला. दरम्यान ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाला आणि छोट्या जाहिरात कंपन्यांना वेगळीच धास्ती पडली होती: बिल्ले गेले तर छोट्यांचे डोळे जातील, गूगलचे शाबूत राहतील. कारण क्रोम उघडणारा माणूस बहुधा जीमेलमध्ये लॉगिन करूनच बसलेला असतो. नाव, फोन नंबर त्याने आपल्या हाताने भरलेला.