युदों ऊर्फ बोल्यू

१६६५ साली चौदाव्या लुईनं तिथल्या मूळ रहिवासी इरोक्वांशी लढायला कारिन्यां-सालिएर पलटण कॅनडात धाडली. बाराशेच्या आसपास शिपाई होते. मोहीम आटोपल्यावर त्यातले चारेकशे तिथंच जमिनी घेऊन राहिले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची पलटणीतली टोपणनावंही राहिली. एकेका तुकडीत ढिगानं जां आणि ढिगानं प्येर, तेव्हा प्रत्येकाला वेगळं नाव हवंच. कुणी लाफ्लर म्हणजे फूल, कुणी सांसुसी म्हणजे बेफिकीर, कुणी त्रांशमोंतान्य, डोंगर कापणारा! फ्रेंच नोंदींत मूळ आडनाव आणि हे नाव यांच्यामध्ये ‘दी’ असा शब्द येतो. आपला ‘ऊर्फ’च तो.

ऊर्फ काही फक्त शिपायांनाच चिकटलं असं नाही. क्युबेकचा एक जुना रहिवासी आब्राम मार्तां ऊर्फ लेकोसे, म्हणजे स्कॉटलंडचा. १७५९ साली ज्या पठारावर इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं, ते याच आब्रामच्या नावानं ओळखलं जातं.

खरा गुंता पुढच्या पिढ्यांत होतो. उदाहरणार्थ, कॅनडात वसलेल्या प्येर युदों ऊर्फ बोल्यूच्या वंशात कुणी युदों म्हणून पुढे गेलं, कुणी बोल्यू म्हणून. एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याला एक, लग्नात दुसरं आणि दफनाच्या वेळी दोन्ही, असंही सर्रास घडे. बरं, सगळे बोल्यू या प्येरचे वंशज म्हणावेत तर तसंही नाही, कारण इतर घराण्यांनीही तेच ऊर्फ घेतलं होतं. त्यात स्पेलिंग पाद्र्याच्या कानावर अवलंबून. नुसत्या आडनावाचा माग काढणारा इथं हमखास भलत्याच घरात पोचतो.

त्याला वाट दाखवते ती बायको. न्यू फ्रान्सच्या, म्हणजे तिथल्या फ्रेंच वसाहतीच्या, चर्चमध्ये स्त्रीचं नाव लग्नानंतर बदलत नसे. प्येरनं १६७६ साली मारी गोबेयशी लग्न केलं, आणि मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई म्हणून नाव येतं ते मारी गोबेय. वंशावळ शोधणारे म्हणूनच एकटा पुरुष शोधत नाहीत, जोडपं शोधतात. ‘युदों–गोबेय’ ही जोडी सापडली की नवरा युदों लिहिला आहे की बोल्यू, याची चिंता उरत नाही.

लग्नाची एक नोंद नीट वाचावी. चर्चमध्ये लग्नाचा पुकारा किती वेळा झाला, हे आधी येतं. मग वराचं नाव, त्याचा बाप, माहेरच्या नावानिशी आई, त्यांचं गाव; मग वधूचंही तसंच सगळं. साक्षीदार कोण, सही कुणाला येते, कुणाला येत नाही. वरवधू नात्यातले असले तर चर्चनं दिलेली सूटही नोंदलेली असते. एका परिच्छेदात दोन घराण्यांच्या दोन पिढ्या हाती येतात, आणि त्यातल्या दोन्ही आयांच्या नावांवरून आणखी दोन घराणी उघडतात. मला ही नोंद कुठल्याही राजाच्या बखरीपेक्षा मोलाची वाटते.

चर्चनं या नोंदींच्या वह्या जपल्या म्हणून हे शक्य झालं. १६४० साली क्युबेकचं चर्च जळलं, तेव्हा आधीच्या नोंदी पाद्र्यांनी आठवून पुन्हा लिहिल्या. १६६७ च्या राजाज्ञेनं प्रत्येक वहीच्या दोन प्रती ठेवण्याचा दंडक घातला. या वह्यांवरून सिप्रियां तांगे या पाद्र्यानं १८७१ ते १८९० दरम्यान वंशावळींचा सात खंडांचा कोश काढला. एवढं अफाट काम त्या काळात एका माणसानं उभं करावं, याला तोड नाही. चुका त्यात आहेतच. १९६६ पासून मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकसंख्या-अभ्यासकांनी मूळ नोंदी नव्यानं जुळवल्या.

एकोणिसाव्या शतकात ऊर्फ मागे पडलं. बहुतेकांनी दोनातलं एक नाव ठेवलं. त्याच सुमाराला लाखो माणसं अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेली आणि तिथं नावांची इंग्रजी भाषांतरं होऊन बुआव्हेरचे ग्रीनवुड झाले, रुआचे किंग. त्यांचे वंशज आज मूळ गाव शोधतात, तेव्हा त्यांनाही आजी-पणजीच्या माहेरचं नाव विचारावं लागतं. आणि क्युबेकमध्ये १९८१ पासून कायदाच आहे: लग्नानंतरही स्त्रीचं कागदोपत्री नाव जन्माचंच.