नगररचनेच्या नकाशांत जुन्या वृक्षांचें स्थान

मराठी अमदानींतील इनामपत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ ही शब्दावलि परिचित आहे. गांव इनाम देतांना त्याबरोबर कोणकोणते हक्क दिले, त्यांची ही यादी होय. ठरावीक म्हणून वाचक ती बहुधा ओलांडून जातो. परंतु तींत ‘तरु’ आणि ‘काष्ठ’ हीं पदें निरनिराळीं आहेत. उभें झाड ही एक वस्तु आणि लांकूड ही दुसरी. नव्या वसाहती आंखतांना हा भेद कितपत पाळला जातो, एवढाच प्रश्न आम्हांस खानदेशापुरता पाहावयाचा आहे.

या भेदाचें मर्म आज्ञापत्रांत सांपडतें. रामचंद्रपंत अमात्यांचा हा ग्रंथ सुमारें इ. स. १७१५ चा. त्यांतील वृक्षांविषयींचा मजकूर हल्लीं शिवछत्रपतींचें पत्र म्हणून सर्रास छापला जातो. धोरण महाराजांच्या परंपरेंतील असलें तरी शब्द अमात्यांचे आहेत. आरमारास लांकूड लागतें हें अमात्य नाकारीत नाहींत. तथापि आंबा, फणस या झाडांस ते हात लावूं देत नाहींत. कारण तीं वर्षां-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात. झाड अगदींच जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन, मगच तोडावें, असा त्यांचा दंडक आहे.

आतां धुळ्याकडे वळूं. इ. स. १८०३ च्या दुष्काळांत हा गांव ओस पडला. पुढील वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तो पुन्हा वसविला. इ. स. १८१८ त खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यानें येथें ठाणें केलें, १८१९ च्या जानेवारींत कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळविली, आणि वसण्यास येणारांस घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या. त्या वेळचें धुळें पाट आणि पांझरा नदी यांच्यामध्यें कोंडलेलें, बागाइतानें वेढलेलें लहानसें गांव होतें, असें त्यानें नमूद केलें आहे. बागाइत म्हटलें कीं बांधावरचीं झाडें आलींच. तेव्हां घर आणि झाड यांचा जागेसाठीं तंटा या शहरास आरंभापासूनच असला पाहिजे.

आज या तंट्यास कायदा आहे. इ. स. १९६६ च्या नगररचना अधिनियमान्वयें विकास योजनेपूर्वीं विद्यमान जमीनवापराचा नकाशा करावा लागतो व मसुद्यावर लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. इ. स. १९७५ च्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या कायद्यानें वृक्ष प्राधिकरण, पांच वर्षांनीं वृक्षगणना आणि तोडीस परवानगी यांची तजवीज केली. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाड वारशाचें मानलें, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याचें बंधन घातलें. धुळें व जळगांव येथें इ. स. २००३ पासून महापालिका आहेत. हीं कामें त्यांच्याच अंगावर आहेत.

उणीव आहे ती जोडणीची. गणना एका दफ्तरांत, नकाशा दुसऱ्या. रस्ता आंखून, भूखंड विकून झाल्यावर झाडाचा अर्ज निघतो. मग तोडण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. साठ वर्षांच्या निंबाबद्दल साठ रोपें लावलीं तरी वर्षानंतर तीं एक वर्षाचींच असतात. आणि वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे चढणाऱ्या या मुलखांत सांवली आज हवी असते. अमात्यांनीं सांगितलेला काळाचा हिशेब तो हाच.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, जुनें झाड विद्यमान जमीनवापराच्या नकाशावर रेषा ओढण्यापूर्वींच दाखवावें. मोठ्या अभिन्यासांत दहावा हिस्सा मोकळा सोडावाच लागतो. तो कोपऱ्यांतील निरुपयोगी तुकड्याऐवजीं झाडाखालीं सोडल्यास कोणाचीही जागा अधिक जात नाहीं. बुंध्याभोंवतीं डांबर-काँक्रीट न घालतां माती उघडी ठेवावी, म्हणजे मुळांस पाणी मिळेल.

यांत इतिहासाभ्यासकांसही काम आहे. जुन्या महजरांत व इनामपत्रांत गांवच्या चतुःसीमा सांगतांना चिंच, वड, आंबा यांचा निर्देश येतो. राजवाडे यांच्या नांवाचें संशोधनमंदिर धुळ्यासच आहे. खानदेशांतील ज्या घरांत असे कागद असतील त्यांनीं सीमेवरील झाडांच्या नोंदी काढाव्या, झाड अद्याप उभें आहे काय हें प्रत्यक्ष पाहावें, आणि विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतांच ती यादी मुदतींत हरकतींबरोबर सादर करावी. मुदत टळल्यावर त्या झाडाचें काष्ठच काय तें उरेल.