डायनबाईंची बाहुली

दिवाळीला आश्रमातील मुलांसाठी खेळणी जमवताना नवी द्यावी की वापरलेली चालतील, हा वाद आपल्या मंडळात निघतोच. मला त्या वेळी अमेरिकेतील एक हकीकत आठवते. १९४७ साली लॉस एंजेलिस येथील डायन हेंड्रिक्स या बाईंनी हातांनी केलेली कापडी बाहुली, नाताळात एखाद्या गरजू मुलाला पोचती करा म्हणून, यजमानांच्या हाती दिली. पण असे काम करणारी संस्थाच सापडेना! तेव्हा, मग तुम्हीच एक काढा, असे बाईंनी सुचवले. यजमान बिल हेंड्रिक्स हे मरीन दलाच्या राखीव तुकडीत मेजर. त्यांनी व सहकाऱ्यांनी त्या नाताळात ५,००० खेळणी जमवून वाटली. पुढच्याच वर्षी काम देशभर पसरले. ‘टॉईज फॉर टॉट्स’ ती हीच चळवळ.

प्रारंभी तेथे जुनी खेळणीही घेत. सैनिक ती दुरुस्त करीत. १९८० पासून मात्र नवीच घेऊ लागले. दुरुस्तीला सैनिकांना सवड उरेना, हे एक कारण. दुसरे मला अधिक पटते: तूही मोठा होशील, असा धीर देणारी भेट दुसऱ्याने टाकलेली कशी असावी?

घरी शिवलेली बाहुली मात्र मी नवीच समजते. डायनबाईंची तशीच होती.