तीन पाळ्यांच्या गावातली संध्याकाळ

राजधानीच्या शहरातल्या अपरिचित जागा आणि तिथली संध्याकाळ, असा विषय काढला की मुंबई-दिल्लीची नावं आपोआप पुढे येतात. आम्ही आज पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा निवडला आहे. पुण्याला सांस्कृतिक राजधानी म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मग शेजारचा हा पट्टा उद्योगाची राजधानी ठरतो, आणि लोक विचारतात, तिथे कारखाने सुटल्यावर बघायचं काय? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: संध्याकाळ मुळात कोणाच्या वाट्याला येते?

चिंचवडपासून सुरुवात करू. पवनेच्या काठी मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. इथली पालखी वर्षातून दोनदा, भाद्रपदात आणि माघात, मोरगावला जाते. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण उत्सव नसताना, दिवेलागणीच्या वेळी घाटावर बसून पाहा. बाहेर रस्त्यावर वाहनांचा गोंगाट चालू असतो आणि आत घंटेचा नाद पाण्यावरून येतो. ज्या गावावरून शहराला अर्धं नाव मिळालं, ते गाव तिथे अजून भेटतं.

तिथून जवळच चापेकरांचा वाडा आहे. हे कीर्तनकाराचं घर. वडील हरिभाऊ कीर्तन करीत आणि मुलं त्यांना साथ देत. त्या घरातल्या तिघा भावांचं नाव एका संध्याकाळीशी कायमचं जोडलं गेलं. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांचा समारंभ होता. गणेशखिंडीत सरकारी मेजवानी झाली. तिथून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. प्लेगच्या बंदोबस्तात लोकांची घरं ज्या पद्धतीनं तपासली गेली, त्याचा संताप त्यामागे होता. रँड पुढे ३ जुलैला मरण पावला. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तिघांना १८९८-९९ मध्ये फाशी झाली. साम्राज्याची संध्याकाळ रोषणाईत चालली होती आणि पुण्यातली सामान्य माणसं प्लेगच्या भीतीत होती. एकाच तारखेला दोन प्रकारच्या संध्याकाळी असू शकतात, हे त्या वाड्यात उभं राहिलं की कळतं.

आता चाकण. महामार्गावर ट्रकांची रांग लागलेली असते आणि गावातच संग्रामदुर्ग उभा असतो, बराचसा ढासळलेला. हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही, भोवती खंदक एवढंच बळ. १६६० साली शायिस्ताखानानं त्याला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी सुमारे दोन महिने, ऐन पावसाळ्यात, किल्ला लढवला. शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला आणि ऑगस्टमध्ये किल्ला पडला. एवढ्या लहान कोटानं एवढे दिवस काढले, म्हणून पुढच्या डोंगरी किल्ल्यांना किती वेळ लागेल याचा अंदाज मोगलांना आला असेल, असं आम्हाला वाटतं. चाकणला मोटारी बघायला जाणारे पुष्कळ; या तटाशी थांबणारे थोडे. चक्रेश्वराच्या देवळातली जुनी शिल्पं पाहणारे त्याहून थोडे.

तिसरी जागा देहूरोडची. तिथल्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची दीक्षा त्यानंतर जवळपास दोन वर्षांनी झाली. आणि १९५४ हेच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाल्याचं वर्ष. म्हणजे या पट्ट्यात कारखाना आणि मुक्तीचा विचार एकाच साली शेजारी आले. पुढे एमआयडीसी आली, मोठे वाहन कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महानगरपालिका.

याच काळात 'पाळी' हा शब्द घरोघरी पोचला. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. शेतकऱ्याची संध्याकाळ सूर्य ठरवत असे, आता ती भोंगा ठरवू लागला. पहिल्या पाळीवाल्याला उतरतं ऊन मिळतं. तो तालमीत जातो, भाजी घेतो, भजनी मंडळात हरिपाठाला बसतो. दुसऱ्या पाळीवाल्याची संध्याकाळ यंत्रापाशी संपते. रातपाळीवाला तिन्हीसांजेला डबा भरून निघतो. एकाच चाळीत तिघांची घड्याळं तीन.

बायकांचं काय? १९४८ च्या कारखाना कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, आणि ६६ व्या कलमानं स्त्रियांचं काम सकाळी ६ ते संध्याकाळी ७ यांच्या आत ठेवलं होतं. कायद्यानं त्यांना संध्याकाळ दिली. घरानं ती चुलीपाशी नेऊन ठेवली. हे लिहिताना कोणाला दोष देत नाही, पण मोकळा वेळ हा नुसत्या कायद्यानं मिळत नाही, एवढं यातून दिसतं.

ॲरिस्टॉटल मोकळ्या वेळेला फार वरचं स्थान देतो. पण त्याच्या नगरात तो मूठभरांनाच होता, कारण बाकीचे राबत होते. वारकऱ्यांनी हा हिशेब बदलून टाकला. हरिपाठाला कोणीही बसू शकतो, तिकीट नाही, पोशाख नाही. आमच्या मते या पट्ट्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कमी गाजलेलं 'आकर्षण' हेच आहे.

आता इथे चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. २०१६ चं ८९ वं मराठी साहित्य संमेलन पिंपरीत झालं, २०२४ च्या जानेवारीत शंभरावं नाट्य संमेलनही याच शहरात झालं. हे चांगलंच आहे. पण नाटकाचा पडदा ज्या वेळी वर जातो, त्या वेळी दुसऱ्या पाळीचा कामगार कुठे असतो, हे आपण विचारायला हवं. संग्रहालयं, किल्ले, वाडे यांच्या वेळा ठरवतानाही तेच विचारायला हवं. शहर ज्यांनी उभं केलं, त्यांना ते पाहायला कोणती वेळ उरते?

तुम्ही या भागात राहत असाल, तर एक काम सांगतो. येत्या सुट्टीच्या दिवशी चाकणच्या तटापासून सुरुवात करा, वाटेत देहूरोडला थांबा आणि दिवेलागणीला चिंचवडच्या घाटावर पोचा. बरोबर दुसऱ्या पाळीचा एखादा माणूस घ्या. त्याच्या सोयीनं वेळ ठरवा, आपल्या सोयीनं नको.