उजनी जलाशयातील मासेमारी

उजनी जलाशयातील मासेमारी ही महाराष्ट्रातील भीमा नदीवरील उजनी धरणाच्या पाणफुगवट्यात चालणारी गोड्या पाण्यातील मासेमारी होय. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा, पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांच्या काठावरील अनेक गावांत ती उपजीविकेचे साधन आहे. येथील मासेमारी मुख्यतः जाळ्याने केली जाते. गळाने केली जाणारी मासेमारी काही प्रमाणात पोटासाठी आणि काही प्रमाणात छंद म्हणून चालते. थंड प्रदेशांतील मोठ्या सरोवरांत सामन, ट्राउट व बास या माशांची जशी क्रीडा-मासेमारी रूढ आहे, तशी ती उजनीत नाही. मात्र पाण्यात सोडलेले मासे मोठे होईपर्यंत राखायचे कसे, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच आहे.

जलाशय

माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ भीमा नदीवर बांधलेल्या या धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले व १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाची उंची ५६.४ मीटर व लांबी २,५३४ मीटर आहे. जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. पूर्ण भरल्यावर त्याचे पाणी सुमारे ३३७ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरते. एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यापैकी सुमारे ६४ अब्ज घनफूट मृतसाठा आहे. मृतसाठा इतका मोठा असल्यामुळे सिंचनाचे पाणी संपल्यावरही नदीच्या मूळ पात्रात व खोलगट भागात मासे तग धरतात.

जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, तर मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर आहे. जलाशय उथळ व पसरट असल्याने या दोन पातळ्यांमधील सहा मीटरांहून कमी अंतरात काठ फार मोठ्या प्रमाणावर पुढे-मागे सरकतो. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. पाणी ओसरले की बुडालेल्या गावांचे अवशेष उघडे पडतात. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथ मंदिर हे त्यांतील सर्वांत परिचित होय.

धरणामुळे भीमाकाठची अनेक गावे उठली व पुणे–सोलापूर लोहमार्गाचा काही भागही दुसरीकडे हलवावा लागला. करमाळा तालुक्यातील जेऊर हे या लोहमार्गावरील स्थानक असून, तालुक्याच्या जलाशयाकडील भागाचे ते दळणवळणाचे ठिकाण आहे. केत्तूर, कुगाव, चिखलठाण, वांगी व कंदर ही तालुक्यातील जलाशयाजवळची गावे होत. पाण्यामुळे या पट्ट्यात ऊस व केळी ही पिके वाढली. जमीन गेलेल्या, परंतु बागायतीचा लाभ न मिळालेल्या कुटुंबांना मासेमारीचा आधार मिळाला. नदीवर पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारा भोई व कोळी समाज नदीकडून जलाशयाकडे वळला.

मत्स्यप्रजाती

भीमेच्या खोऱ्यातील माशांची शास्त्रीय नोंद इंग्रजी अमदानीत झाली. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनमधील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि अनेक जातींना स्थानिक बोलीतील नावेच दिली. शिंगटीचे ‘मिस्टस सींगटी’ हे शास्त्रीय नाव त्यांपैकी एक. दख्खनच्या महसीरचे ‘टोर खुद्री’ हे नावही त्याचेच असून त्यासाठीचा नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळाला होता. मुळा-मुठेचे पाणी पुढे भीमेतून उजनीतच येते. महसीर हा वाहत्या, स्वच्छ व प्राणवायूयुक्त पाण्यात वाढणारा मासा आहे. उथळ व संथ जलाशय त्याला मानवत नाही.

उजनीत पकडल्या जाणाऱ्या माशांचे तीन गट पडतात.

पहिला गट नदीतील मूळ माशांचा. यात मरळ, वाम, शिंगाडा, शिंगटी व आहेर यांचा समावेश होतो. मरळ व वाम यांना बाजारात चांगला भाव मिळतो, परंतु त्यांचे प्रमाण घटल्याचे मच्छीमार सांगतात.

दुसरा गट मत्स्यबीज सोडून वाढविलेल्या माशांचा. कटला, रोहू व मृगळ हे मूळचे उत्तर भारतातील नद्यांचे मासे यात येतात. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात पुराच्या पाण्यात ते प्रवाहाविरुद्ध चढतात. यांनाच ‘चढणीचे मासे’ म्हणतात. संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडविण्यात १० जुलै १९५७ रोजी अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांना यश आले आणि त्यानंतर जलाशयांसाठी बीज उपलब्ध होऊ लागले. बीजाच्या अवस्थांना मत्स्यजिरे व मत्स्यबोटुकली अशी नावे आहेत. जिऱ्याएवढी पिले जलाशयात सोडली तर बहुतेक अन्य माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणून बोटाएवढी झालेली बोटुकलीच सोडणे इष्ट मानले जाते. गवत्या, चंदेरा व सायप्रिनस हे परदेशी मासेही याच गटातील होत.

तिसरा गट आपोआप फैलावलेल्या परदेशी माशांचा. त्यात प्रमुख म्हणजे चिलापी अर्थात तिलापिया. मूळचा आफ्रिकेतील हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो संथ पाण्यातच अंडी घालतो, मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, आणि लहान आकारातच तो प्रजननक्षम होतो. त्यामुळे कितीही पकडला तरी तो पुन्हा भरून येतो. दूषित पाणीही तो सहन करतो. उजनीच्या काठावरील बाजारांत व महामार्गावरील खानावळींत चिलापी हा नेहमीचा मासा झाला आहे. अंगावर कठीण कवच असलेला सकर मासाही अलीकडे जाळ्यात येऊ लागला आहे. त्याला गिऱ्हाईक नसते आणि तो जाळी फाडतो.

साधने व पद्धती

तंगूस धाग्याचे उभे जाळे हे मुख्य साधन होय. संध्याकाळी ते पाण्यात लावून पहाटे उचलतात. जाळ्याच्या आसाच्या आकारावरून त्यात कोणत्या आकाराचा मासा अडकेल हे ठरते. उथळ पाण्यात फेकजाळे वापरतात. लांब दोरीस ठराविक अंतरावर अनेक गळ बांधून ती रात्रभर पाण्यात ठेवण्याची पद्धतही आहे. मरळ, वाम व शिंगाडा हे मांसाहारी मासे तीत लागतात. वाहतुकीसाठी होडी वापरली जाते. होडी परवडत नसेल तेथे थर्माकोलचा तराफा किंवा फुगवलेली ट्यूबही वापरली जाते.

भिगवण व इंदापूर येथील मासळी बाजारांत लिलाव होतो. तेथून मासळी पुण्याकडे व अन्य शहरांकडे जाते. चांगल्या भावासाठी मासळी ताजी असावी लागते, म्हणून पहाटेचे काम व बर्फाची उपलब्धता यांवर मच्छीमाराचे उत्पन्न बरेच अवलंबून असते.

जलाशय रुंद असल्याने वादळी वाऱ्यात लाटा मोठ्या होतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट वादळात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ही बोट मासेमारीची नव्हती. तथापि वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यात उतरण्याचा धोका आणि जीवरक्षक जॅकेटची गरज या घटनेने ठळक केली.

गळाची मासेमारी

वेळूची काठी, दोरा, गळ व पाण्यावर तरंगणारा बुचाचा तुकडा एवढ्या साधनांवर काठावरील मुले व प्रौढ मासे धरतात. आमिष म्हणून गांडूळ किंवा मळलेली कणीक लावतात. रोहू व मृगळ कणकेला, तर मरळ जिवंत लहान माशाला किंवा बेडकीला लागतो. रीळ असलेली आधुनिक काठी वापरणारे हौशी लोक शहरांतून येतात, परंतु त्यांची संख्या मर्यादित आहे. महाराष्ट्रात छंद मासेमारीची संघटित परंपरा मुंबईच्या पवई तलावावर आढळते. तेथे महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन ही संस्था कार्यरत आहे. लोणावळ्याजवळील वळवण तलावावर टाटा समूहाच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन चालविले आहे.

सामन व ट्राउट हे थंड पाण्याचे मासे आहेत. पाण्याचे तापमान दीर्घकाळ २० अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास ट्राउट तग धरत नाही. त्यामुळे सोलापूरच्या उन्हाळ्यात तो वाढणे शक्य नाही. भारतात इंग्रजांनी ट्राउट आणला तो काश्मीर व निलगिरीच्या थंड प्रवाहांत. बास हा उत्तर अमेरिकेतील मासा. त्याची शिकारी वृत्ती व गळाला लागल्यावरची झुंज लक्षात घेता उजनीतील त्याचा जवळचा पर्याय मरळ हा ठरतो.

मोठ्या सरोवरांतील क्रीडा-मासेमारीचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील मिशिगन सरोवराचे आहे. तेथे समुद्रातून शिरलेल्या लॅम्प्रीने मूळचा लेक ट्राउट जवळजवळ संपविला आणि एलवाइफ नावाचा लहान मासा बेसुमार वाढला. त्यावर उपाय म्हणून १९६६ मध्ये मिशिगन राज्याने पॅसिफिक किनाऱ्यावरील कोहो सामनची पिले सोडली. त्यातून मोठा क्रीडाव्यवसाय उभा राहिला. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात मात्र २००३–०४ च्या सुमारास एलवाइफ संपला आणि त्याच्यावर जगणारा चिनूक सामनही घटला. सोडलेला मासा पाण्यातील अन्नसाखळीच्या आधारेच टिकतो, हे त्यावरून दिसले. तेथे परवानाशुल्क व मासेमारीच्या साहित्यावरील करातून मत्स्यसंवर्धनाचा खर्च भागविला जातो, आणि किती व केवढ्या आकाराचे मासे न्यावेत यावर मर्यादा असते.

समस्या

लहान आसाची जाळी ही उजनीतील मुख्य समस्या मानली जाते. ‘वडाप’ व ‘पंड्या’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या बारीक जाळ्यांत बोटुकलीही ओढली जाते. कटल्याचे पिलू अनुकूल परिस्थितीत वर्षभरात किलोभर वजनाचे होऊ शकते. बोटाएवढे असताना पकडले तर त्याला किंमत जवळपास नसते. तरीही प्रत्येक मच्छीमारास आपण सोडलेला मासा दुसरा नेईल अशी भीती वाटते. पाणी सर्वांचे असल्यामुळे संयम पाळणाऱ्याचेच नुकसान होते. मोठ्या आसाची जाळी वापरणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांना याची झळ अधिक बसते. मोठे मासे कमी झाल्यावर लवकर वाढणाऱ्या चिलापीला मोकळे रान मिळते, आणि चिलापीसाठी पुन्हा लहान आसाचे जाळे वापरले जाते, असे हे दुष्टचक्र आहे.

दुसरी समस्या प्रदूषणाची. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून जलाशयात येते. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरसमुळे शेवाळ व जलपर्णी वाढतात आणि पाणी हिरवे दिसू लागते. शेवाळ रात्री प्राणवायू वापरते. ते कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. त्यामुळे पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो व मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर हा धोका वाढतो.

कायदा व संवर्धन

भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ नुसार स्फोटके टाकून किंवा विष कालवून मासे मारणे हा गुन्हा आहे. राज्यात महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० लागू आहे. उपाययोजना म्हणून बोटुकली नियमितपणे सोडणे, लहान आसाच्या जाळ्यांवर कारवाई करणे आणि पावसाळ्याच्या आरंभी, मासे चढणीस लागतात त्या काळात, मासेमारी थांबवणे यांचा पुरस्कार केला जातो. यांपैकी बीज सोडण्याचा उपाय अन्य दोन उपायांविना फोल ठरतो, कारण सोडलेली बोटुकली वर्षभर जाळ्याबाहेर राहिली तरच तिचा मासा होतो. बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांचे पोट कसे भरावे, हा प्रश्नही या उपायांशी जोडलेला आहे.