पँथरची पोरं : एकी आणि चढाओढ

आपल्या दौंडला लागूनच इंदापूर तालुका. तेथील बावडा गावात 1972 साली दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला. त्याच वर्षी परभणीकडील ब्राह्मणगावात दोन दलित भगिनींची विटंबना झाली. या बातम्या मुंबईच्या चाळींत पोहोचल्या आणि तरुण पोरं पेटून उठली. त्यातून दलित पँथरचा जन्म झाला.

नामदेव ढसाळ तेव्हा अवघे 23 वर्षांचे. मूळचे आपल्या शिरूरच्या शेजारचे, खेड तालुक्यातील पूर-कनेरसरचे. ज. वि. पवार, राजा ढाले हेही लिहिते तरुण. ही 1956 च्या धम्मदीक्षेच्या छायेत वाढलेली पिढी. घरात बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो, पण गावात वागणूक जुनीच. म्हणून प्रत्येकाच्या मनात एकच सवाल : आपण कोण?

पहिले उत्तर होते, ‘आपण अन्यायाविरुद्ध उभे राहणारे.’ या उत्तरात सगळे मावत होते. कोण कुठला, कोणाचा, हे कोणी विचारले नाही. जानेवारी 1974 मध्ये वरळीची दंगल झाली, भागवत जाधव मोर्चात शहीद झाले. तरी पोरं मागे हटली नाहीत.

पुढे त्याच सवालाची दोन उत्तरे झाली. 1973 च्या जाहीरनाम्याने दलित शब्दात बौद्धांसोबत कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रियाही घेतल्या. ढाले यांना त्यात मार्क्सवाद दिसला. त्यांचा आग्रह फुले-आंबेडकर-बुद्ध या वाटेचा. दोन्ही बाजूंना तळमळ होती. पण ‘आपण कोण’ याऐवजी ‘खरा कोण’ अशी चढाओढ लागली. 1974 मध्येच फूट पडली, ढसाळ बाहेर गेले. मार्च 1977 मध्ये ढाले-पवारांनी पँथर बरखास्त केली.

तरीही नामांतराच्या वेळी वेगवेगळ्या गटांचे तरुण पुन्हा रस्त्यावर उतरले. विधिमंडळाच्या 1978 च्या ठरावापासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत ही लढाई चालली. समोरचे काम मोठे असले की माणसे जवळ येतात, हेच त्यातून दिसते.

बंधूभगिनींनो, एकाच वस्तीत दोन मंडळे, दोन मिरवणुका आपण पाहतो. वयात येणाऱ्या पोराला आपली ओळख हवीच असते, त्यात वावगे काही नाही. ती ओळख दुसऱ्या मंडळाला खाली दाखवून मिळते, की अभ्यासिका चालवून आणि गावावर संकट आले तर धावून जाऊन, हे मात्र आपण थोरांनीच त्यांना दाखवायचे आहे. चढाओढ करायचीच तर ती शिक्षणात आणि सेवेत करू या.

जयभीम!